सत्तावीस नक्षत्रं आणि एक चंद्रकोर

पत्र

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत अकरा वर्षं शिकवते. मोबाइल-संगणकाची आवड असल्यामुळे आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, मला 'तंत्रस्नेही' म्हणतात. जुलैच्या शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) केंद्रप्रमुख साहेबांनी मला 'अध्यापनात ऑनलाइन साधनांचा वापर' या विषयावर दीड तास दिला. मी आठवडाभर रात्री जागून सत्तावीस संकेतस्थळं आणि ॲप गोळा केली, प्रत्येकाची ओळख करून दिली, सगळ्या लिंक ग्रुपवर टाकल्या. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. परवा सहज विचारलं, तर अडतीस शिक्षकांपैकी एकानेही त्यातलं काही वर्गात वापरलेलं नाही. एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, "मॅडम, छान होतं, पण आमच्या काय कामाचं?" आता दिवाळीच्या सुट्टीआधीच्या परिषदेत पुन्हा माझाच तास आहे, आणि या वेळी 'एआय पण घ्या' असा निरोप आहे. निम्म्या शाळांत रेंज नाही. कोणती साधनं दाखवू? ज्येष्ठ मंडळींना कसं वळवू? की सरळ नाही म्हणून टाकू?

— एक तंत्रस्नेही (नावापुरती)

उत्तर

प्रिय मॅडम,

तुमच्याएवढी माझी लेक आहे, तरी 'मॅडम'च म्हणते. आपल्या पेशातली ही सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही.

नाही म्हणू नका. पण सत्तावीस? अहो, सत्तावीस म्हणजे नक्षत्रं झाली! दीड तासात सत्तावीस, म्हणजे एकेकाला तीन मिनिटं. तेवढ्यात नाव कळतं, फार तर रंग लक्षात राहतो. ती यादी आता ग्रुपमध्ये कुठे असेल सांगू? सुप्रभातच्या फुलांखाली आणि 'खालील माहिती आजच्या आज भरावी' या निरोपांखाली गाडली गेली असेल.

त्या निरोपांबद्दल जरा बोलू, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ मला तिथे दिसतं. आपल्या शिक्षकांना 'ऑनलाइन' म्हटलं की काय आठवतं? पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, आधार जुळत नाही म्हणून अडकलेलं एखादं पोर, रात्री साडेनऊला आलेली लिंक. ज्या शब्दाला हा वास आहे तोच शब्द तुम्ही फळ्यावर मथळा म्हणून लिहिलात. माणसं ऐकत होती ती सौजन्याने. तेव्हा पहिलं काम, मथळा बदला. परिषदेच्या पत्रात विषय लिहा: 'सातवीचा भूगोल: चंद्राच्या कला'. ऑनलाइन हा शब्दच नको.

चंद्रच का, ते सांगते. पण त्याआधी माझी एक फजिती ऐका.

मी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विषय साधनव्यक्ती होते, म्हणजे शिक्षकांना विषयाचं मार्गदर्शन करायचे, तेव्हा दोन दिवसांचं असंच एक प्रशिक्षण माझ्याकडे आलं. मी ठरवलं, आधी सगळ्यांची खाती उघडून घेऊ, मग निवांत शिकवू. सकाळी साडेदहाला सुरुवात केली. एका गुरुजींचा ओटीपी पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलवर जात होता आणि मुलगा कंपनीत मीटिंगमध्ये. एका बाईंनी पासवर्ड ठेवला आणि चहाला जाऊन आल्यावर विसरल्या. चार वाजता सगळ्यांची खाती उघडली. मी अहवालात 'शंभर टक्के नोंदणी' असं लिहिलं आणि मला शाबासकीही मिळाली. त्या दिवशी कुणी एकही पाठ पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी निम्मे लोक आलेच नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

त्यानंतर मी एक पथ्य पाळलं. साधन शिकवायचं नाही, पाठ बसवायचा. गॅदरिंगचं नाटक बसवतो तसा. नाटक बसवताना आपण कुणाला रंगभूषेच्या डब्यांची यादी वाचून दाखवत नाही. प्रवेश हातात देतो, उभं करतो, 'इथे थांब, इथे वळ' सांगतो आणि तालीम घेतो. दीड तासात एक पाठ बसतो. दोन बसवायला गेलात तर एकही बसत नाही.

आता चंद्र. परिषद सुरू झाली की काही न सांगता सगळ्यांना कोरा कागद द्या आणि म्हणा, "बीजेच्या चंद्राची कोर का दिसते, ते आकृती काढून दाखवा. नाव लिहू नका." पाच मिनिटं द्या, मग कागद गोळा करून भिंतीवर चिकटवा. मी हे जिथे जिथे केलं तिथे बऱ्याच कागदांवर पृथ्वीची सावली चंद्रावर पडलेली होती. विज्ञानाच्या पदवीधरांच्या कागदांवरसुद्धा. ही समजूत जगभर सगळीकडे सापडते, त्यामुळे लाजायचं कारण नाही, आणि तसं मोठ्याने सांगा. तिथेच कुणीतरी, बहुधा तुमचे ते ज्येष्ठ गुरुजीच, म्हणतील, "सावली तर ग्रहणात पडते. मग दर महिन्याला ग्रहण का म्हणत नाही?" हा प्रश्न आला की समजा तुमचा तास सुरू झाला. नाही आला, तर तुम्ही विचारा.

मग खिडक्या बंद करा, एक उघडा बल्ब लावा आणि प्रत्येकाच्या हातात पेन्सिलीला टोचलेला चेंडू द्या. थर्माकोलचा नसेल तर मोसंबं चालतं. बल्ब हा सूर्य, आपलं डोकं ही पृथ्वी. चेंडू डोक्याच्या थोडा वर धरून स्वतःभोवती डावीकडे हळूहळू वळायचं. कोर दिसते, अर्धा दिसतो, पूर्ण दिसतो, आणि डोक्याची सावली तर कुठे पडतच नाही. अडतीस मोठी माणसं अंधारात मोसंबी धरून गोल फिरताना बघणं हा एक सोहळाच असतो. फोटो हवा असेल तर साहेबांना सांगा, आत्ता काढा.

एवढं झाल्यावर पडदा. आधी नाही. संगणकावर स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. हे मोफत आहे, एकदा घालून ठेवलं की त्याला नेट लागत नाही. त्यात आपल्या गावाचं स्थान टाकता येतं, तारीख-वेळ हवी तशी पुढेमागे करता येते. (भारतीय नक्षत्रंही दाखवता येतात. तुमची सत्तावीस तिथे जाऊन भेटा.) आता चालू करायच्या आधी एक काम करा. भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणा. त्यात संकष्टीचा चंद्रोदय दिलेला असतो. कुणाला तरी तो मोठ्याने वाचायला सांगा, स्टेलॅरियममध्ये तीच तारीख लावा आणि चंद्र कधी वर येतो ते बघा. चार-सहा मिनिटं इकडेतिकडे होतील, कारण दिनदर्शिकेतली वेळ एखाद्या मोठ्या शहराची असते आणि आपलं गाव वेगळं. त्यातच डोंगराआडचं गाव असेल तर चंद्र दिसायला आणखी उशीर. या फरकावर बोलू द्या. ज्या बाई दर महिन्याला चंद्र बघून उपास सोडतात त्यांना या विषयातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं, आणि ते त्यांच्या लक्षात यायला हवं. शिवाय इंटरनेटवरची गोष्ट आपल्याला आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीशी ताडून बघायची, ही सवय इथे आपोआप लागते. त्याचं वेगळं व्याख्यान देऊ नका.

पुढचं महत्त्वाचं. आता बीजेची तारीख लावायची आणि तिथून एकेक दिवस पुढे सरकवायची, वेळ मात्र तीच ठेवायची, संध्याकाळची पावणेसात. आणि प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी थांबायचं. "उद्या याच वेळी चंद्र कुठे असेल? बोट दाखवा." सगळ्यांनी बोट दाखवल्याशिवाय दाबायचं नाही. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, हे वाक्य पाठ करून घेण्यापेक्षा बोट चुकलेलं बरं. चुकलेलं बोट लक्षात राहतं. मला विचाराल तर सगळ्या ऑनलाइन अध्यापनाचं कसब या थांबण्यात आहे, आणि नेमकं तेच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. व्हिडिओ लावला की आपण मागे जाऊन हजेरी पूर्ण करतो. मीही केली आहे.

व्हिडिओचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. एक, आवाज बंद करा. निवेदन बहुतेक वेळा पुस्तकी असतं, आणि टीव्हीच्या स्पीकरमधून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतही नाही. चित्र त्यांचं, बोलणं शिक्षकाचं, आणि तेही मुलांच्या बोलीत. ठाकर वस्तीवरची पोरं ज्या शब्दात चंद्राबद्दल बोलतात तो शब्द कुठल्याच व्हिडिओत नाही. ज्या गुरुजींना बटणांची भीती वाटते त्यांना हे लगेच जमतं, कारण बोलणं ही त्यांची हुकमी गोष्ट. दोन, आधी घरी शेवटपर्यंत बघा आणि उतरवून ठेवा. चौथीच्या वर्गात बेरीज चालू असताना मध्येच रमीची जाहिरात लागलेली मी पाहिली आहे. पोरांना त्या दिवशीचं तेवढंच आठवत होतं.

रेंजचं उत्तर त्यातच आलं. शाळेत नेट आहे असं धरूनच चालू नका. नेट घरी किंवा तालुक्याला वापरायचं आणि वर्गात उतरवलेलं न्यायचं. सरकारच्या दीक्षा ॲपवरचे पाठ मोबाइलमध्ये उतरवून ठेवता येतात. फेट म्हणून विज्ञान-गणिताच्या हलत्या प्रतिकृती आहेत. नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. त्यातल्या अनेक प्रतिकृती मराठीत आहेत आणि त्याही उतरवून विनानेट चालतात. मोबाइल टीव्हीला जोडायचा तर वायरच बरी. बिनवायरीच्या नादात तास जातो. टीव्हीचं तोंड खिडकीकडे असेल तर फिरवा, नाहीतर मुलांना पडद्यावर चंद्राऐवजी खिडकीच दिसते. आणि त्याच्यावरचा तो भरतकामाचा रुमाल काढा! लोकवर्गणीतून मोठ्या हौसेने घेतलेले कितीतरी टीव्ही मी पाहिले, जे वर्षातून एकदा खंडेनवमीला झेंडूची माळ घालायपुरते उघडतात. खराब होईल, आपल्यावर भरपाई येईल, ही भीती खरी असते. साहेबांना परिषदेत सगळ्यांसमोर एवढंच म्हणायला लावा, की वापरताना बिघडला तर मी बघतो. तुमच्या दीड तासापेक्षा या एका वाक्याचा उपयोग जास्त होईल.

वीज गेली तर? मोसंबं आहेच, आणि मेणबत्ती. म्हणून तर आधी हात, मग पडदा.

आता ज्येष्ठ मंडळी. 'वळवू' हा शब्द सोडून द्या, ती गुरं नाहीत. तुमच्या गुरुजींनी विचारलं ते बरोबरच आहे: आमच्या काय कामाचं? त्यांच्याकडे जा आणि विचारा, "गुरुजी, इतक्या वर्षांत पोरं नेमकी कुठे अडतात?" मी असं एकदा विचारलं तेव्हा एका गुरुजींनी क्षणात सांगितलं: पाचवीत एक चतुर्थांश आणि एक तृतीयांश. चार मोठे म्हणून एक चतुर्थांश मोठा, असं पोरं म्हणतात, दरवर्षी, न चुकता. हे मला कुठल्याही संकेतस्थळावर सापडलं नसतं. फेटमध्ये अपूर्णांकाची प्रतिकृती आहे. त्यात छेद वाढवत नेला की तुकडे बारीक होताना दिसतात. आम्ही दोघांनी मिळून तो पाठ बसवला. प्रश्न त्यांचे, बटण माझं. तिसऱ्या वेळी बटणही त्यांचं झालं, कारण मी हात मागे बांधून उभी राहिले. हे शब्दशः घ्या. मदत करताना समोरच्याचा मोबाइल आपल्या हातात घ्यायचा नाही. आपल्याला दोन सेकंद लागतात, त्यांना दोन मिनिटं, आणि ती दोन मिनिटं सोसवत नाहीत म्हणून आपण हिसकावतो. मग ते आयुष्यभर "मॅडम, जरा करून द्या" म्हणत राहतात आणि आपण मनातल्या मनात सुखावतो. तंत्रस्नेही म्हणवून घेण्याचा हा तोटा आहे, रागावू नका.

परिषदेचा शेवटचा अर्धा तास तालमीला ठेवा. दोघादोघांच्या जोड्या करा, एकाने शिकवायचं आणि दुसऱ्याने सातवीतलं पोर व्हायचं, तेही खोडकर. जोड्या शेजारच्या शाळांच्या करा किंवा एकाच शाळेतल्या. परिषदेनंतर पंधरा दिवसांत प्रत्येकाने हा पाठ आपल्या वर्गावर घ्यायचा आणि जोडीदाराने एकदा तरी बसून बघायचा. द्विशिक्षकी शाळेत दुसऱ्याचा वर्ग वाऱ्यावर सोडता येत नाही हे मला माहीत आहे. तिथे दोन्ही वर्ग एकत्र बसवा, चंद्र तिसरीच्या पोरांनाही आवडतो. तुम्ही सगळीकडे जाऊ शकणार नाही, तुम्हाला तुमचा वर्ग आहे. पण साहेब शाळाभेटीला जातातच. त्यांना विनंती करा की या महिन्यात रजिस्टरं नंतर, आधी मागच्या बाकावर चाळीस मिनिटं.

ही सोबत जास्तीची वाटेल, पण ती गाळू नका. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघांनी शिक्षक प्रशिक्षणावरचं संशोधन १९८० साली एकत्र मांडलं. व्याख्यान, प्रात्यक्षिक, सराव, सूचना हे सगळं झालं तरी वर्गात कुणी सोबत नसेल तर शिकलेलं वर्गापर्यंत फारसं पोचत नाही, हे त्यांनी त्यात आणि पुढच्या कामात दाखवलं. आपल्याकडे राज्याचं प्रशिक्षण जिल्ह्याला, जिल्ह्याचं तालुक्याला, तालुक्याचं केंद्राला, असं उतरतं. वर दही असतं, खाली येईस्तोवर ताकाचंही पाणी झालेलं असतं. केंद्र ही शेवटची पायरी, आणि वर्गात जाऊन बसणं फक्त याच पायरीवरून शक्य आहे. म्हणून मला तुमचा दीड तास बालेवाडीतल्या एखाद्या मोठ्या सभागृहातल्या दिवसापेक्षा मोलाचा वाटतो.

अहवाल आणि फोटो लागणारच. साहेबांवर चिडू नका, त्यांनाही वर पाठवायचे असतात. मात्र शिक्षकांचे नको, मुलांच्या वह्यांचे पाठवा. पाठाआधी मुलांनी काढलेली कोरीची आकृती आणि पाठानंतर आठवड्याने काढलेली, शेजारी शेजारी. प्रत्येक शाळेतून पाच मुलांच्या. सावली गेली की राहिली ते लगेच दिसतं. ज्या शाळेत राहिली तिथे तुमच्या पुढच्या महिन्याचा विषय तयार.

एआयबद्दल थोडक्यात. त्याला वेगळा तास देऊ नका, दहा मिनिटं द्या. 'बीजेची कोर का दिसते, सातवीच्या मुलाला मराठीत समजाव' असं त्याला विचारा, उत्तर छापून आणा आणि सगळ्यांना लाल पेनने तपासायला सांगा. भाषेचे गुण वेगळे, विषयाचे वेगळे. मोसंबं फिरवून झाल्यावर तपासलं तर शिक्षक बरोबर गुण देतात.

एक सावधगिरी राहिली. भूगोलाचं काहीही उतरवाल तेव्हा त्यातला भारताचा नकाशा आधी बघा. परदेशी संकेतस्थळांवर आपल्या उत्तर सीमा वेगळ्या दाखवलेल्या असतात, आणि ते पोरांआधी एखाद्या पालकाच्या लक्षात येतं. नकाशा हवा तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून घ्या.

आणि बाकीची सव्वीस? काही फार चांगली असतील. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टींची पुस्तकं मोफत आहेत, छापून वाचनकोपऱ्यात लावता येतात आणि आपल्या बोलीत भाषांतरही करता येतं. किशोर मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीने वाचायला खुले केलेत. अरविंद गुप्तांची कचऱ्यातून केलेली खेळणी आहेत. सगळं ठेवा, पण स्वतःच्या वहीत. कुणी येऊन म्हणालं, "पोरं वाचतच नाहीत हो," की तेव्हा एक काढून द्या. एकाला एक.

तुमची परिषद सुट्टीआधी आहे हे फार बरं झालं. पावसाळ्यात चंद्राचा पाठ घ्यायची सोय नसते, आकाशच दिसत नाही. आता दिवाळीचा अभ्यास म्हणून प्रत्येक मुलाला पंधरा चौकोनांचा एकच कागद द्यायला सांगा. लक्ष्मीपूजनाच्या अवसेनंतर भाऊबीजेच्या सुमारास पश्चिमेला बारीक कोर दिसते, सूर्य मावळल्यावर थोडाच वेळ. तिथून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज तिन्हीसांजेला चंद्र कुठे आणि केवढा, ते काढायचं. अष्टमीला तो दक्षिणेच्या आकाशात उंचावर असेल, पौर्णिमेला सूर्य मावळताना पूर्वेला उगवेल. ज्यांच्या गावाच्या पश्चिमेला डोंगर आहे त्या मुलांना पहिली कोर हुकेल, त्यांना एक चौकोन माफ करा.

शाळा सुरू झाल्यावर ते कागद आणि स्टेलॅरियम शेजारी ठेवून बघा. दोन-तीन कागद मलाही पाठवा, मुलांची नावं झाकून.

तुमची,
सदरवाल्या बाई